गुणमालेनं भाकरी सोडली

१ मार्च १९७६, सोमवार

निवृत्त बंधूंनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे: आपलं ऐकणारं कुणी उरलेलं नाही. काल-परवापर्यंत आपण उभे राहिलो की माणसं खाली बसत. आज आपण बसलो की माणसं उठतात. चुलीपाशी गेलो तर 'जरा सोप्यात बसा', सोप्यात बसलो तर 'जरा आत जा, सारवायचंय'. पेन्शन मिळते, कान मिळत नाहीत.

एवढं लिहून थांबलो. खाजगी रोजनिशीत श्रोते कुठले? पण जन्माची सवय आहे. आधी लोकल बोर्डात, मग जिल्हा परिषदेत समाजशिक्षणाचं काम केलं. साक्षरता, हुंडाबंदी, शौचकूप, जो विषय वरून येईल त्यावर बोललो. वडूजच्या माळावर बैलगाडीत उभा राहून बोललो, खंडाळ्याला भर बाजारात बोललो. समोर माणसं असल्याशिवाय मला विचारच सुचत नाही. म्हणून तुम्हाला, माझ्यासारख्याच पेन्शनरांना, मनानं समोर बसवून घेतलं आहे. उठू नका.

यंदा आमच्या गावच्या वाचनालयाची वसंत व्याख्यानमाला होणार नाही. शेवटचं व्याख्यान माझं होतं, विषय 'या मुलखाची बंडखोरी'. फौजदारसाहेबांचा निरोप आला, आणीबाणी आहे, भाषण आधी लिहून दाखवा. मी दाखवणार नव्हतोच. पण त्याच्या आत वाचनालयाचे अध्यक्ष नानासो मगदूम यांनी व्याख्यानमालाच रद्द केली. म्हणाले, "आण्णा, बोलणार तुमी आन् आत जानार आमी."

घरी येऊन मी याचा निषेध केला. बराच वेळ केला. तेव्हा गुणमालेनं, माझ्या बायकोनं, ही कोरी वही आणून समोर ठेवली.

"आवं, जे बोलायचं ते ह्यात लिवा. भिंतीला तरी किती ऐकाय लावायचं?"


५ मार्च, शुक्रवार

रानात हळद शिजते आहे. मोठमोठ्या काहिली, खाली उसाचं पाचट, वर पाल्याचं झाकण. सगळ्या गावाला तो उग्र गोड वास. नदीकाठचे पांगारे पानं टाकून नुसत्या फुलांनी पेटले आहेत. पांगाऱ्याच्या फुलात पक्ष्यांसाठी इतका रस असतो की मैना आणि कावळेही भांडण विसरून एका फांदीवर बसतात. सर्वपक्षीय सभा भरलेली मी यंदा तेवढीच पाहिली.

वर्तमानपत्रात काही नाही. पहिलं पान वाचून दुसऱ्यावर गेलो तरी काही नाही. कारखान्याचं गाळप जोरात आहे, एवढी एक बातमी, आणि ती मला खिडकीतून दिसते.

हळदीच्या धुरानं गुणमालेला ठसका लागतो. पाणी पितानासुद्धा लागतो. तिला म्हटलं, खिडकी लावून घे.


९ मार्च, मंगळवार

काल अष्टान्हिका पर्व लागलं. आमच्या जैनांत या आठ दिवसांत बायका काही ना काही सोडतात. कुणी मीठ, कुणी तूप, कुणी एक वेळचं जेवण. गुणमालेनं भाकरी सोडली.

मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जातो तो तिथल्या जुन्या पोथ्यांसाठी. उपासतापास मला पटत नाहीत आणि हे मी बस्तीच्या पायरीवर उभं राहून सांगितलेलं आहे. पण निदान ज्याला विरोध करायचा ते शास्त्र तरी नीट पाळावं. मी विचारलं,

"भाकरी नाही तर खाणार काय?"

"आंबील. ताकातला भात, गुरगुट्या करून."

"आणि तूप?"

"तूप खाईन की. गूळबी खाईन."

मला हसू आवरेना. शास्त्रात रसत्याग सांगितला आहे. दूध, दही, तूप, तेल, गूळ, मीठ हे सहा रस. त्यातला एखादा सोडायचा, म्हणजे जिभेचे लाड कमी होतात. ही बाई तूप ठेवते, गूळ ठेवते आणि सोडते काय, तर कोरडी भाकरी. असला उलटा नेम मी आयुष्यात पाहिला नाही. तिला मी सहा रस एकेक करून समजावून सांगितले, मग त्याग म्हणजे काय, मग रूढी म्हणजे काय. ती तांब्या घासत ऐकत होती.

"झालं?" ती म्हणाली. "पाय धुवा. वाढते."

तिच्याकडे उत्तर नव्हतं. भाकरी मात्र पापुद्र्याची झाली होती. मी जेवून उठलो, पेपर घेऊन सोप्यात आलो. ती नेहमीप्रमाणे मागून जेवली असेल.


१६ मार्च, मंगळवार

पर्व संपलं, काल होळी झाली. गुणमालेचा नेम काही संपला नाही. म्हणते, पाडव्यापर्यंत वाढवलाय. मी म्हटलं, सरकारनं आणीबाणी वाढवावी तसं चाललंय तुझं. ती हसली आणि तिला ठसका लागला.

संध्याकाळी पारावर लालासाहेब भेटला. माझ्या वयाचा, पलटणीतनं सुभेदार होऊन परत आला आणि आता उसाला पाणी पाजतो. ऐन बेचाळीस साली मी इथं इंग्रजांविरुद्ध भाषणं करत होतो आणि हा इटलीच्या वाटेवर इंग्रजांची बंदूक खांद्यावर घेऊन निघाला होता. तेव्हापासूनचं आमचं भांडण अजून निकालात निघालेलं नाही.

"काय गड्या, फौजदारानं तोंड बांधलं म्हनं तुजं?"

"तोंड नाही. फक्त लाउडस्पीकर."

"लय बेस केलं. गावची कुत्री तरी निवांत निजत्याल."

मग तंबाखू मळता मळता म्हणाला, "वैनी लय वाळल्यात रं. परवा बस्तीकडं चालल्या हुत्या. जवळ येस्तवर मला वळकू आल्या न्हाईत."

"नेम धरलाय. भाकरी सोडलीय."

"आमच्या पलटणीत कुनी जेवान सोडलं की त्येला उचलून डाक्टरफुडं उभा करायचे. तुमच्यात पाया पडत्यात व्हय?"

मला राग आला. म्हटलं, लाल्या, पलटण वेगळी आणि परंपरा वेगळी. उपोषणाचं शास्त्र तुला काय कळणार? आणि मग मी त्याला त्या परंपरेचा सगळा इतिहास सांगितला, अगदी आमच्या आदिनाथांपासून. वाटेत लक्षात आलं की ज्या गोष्टीला मी घरात विरोध करतो तिचीच वकिली पारावर करतो आहे. पण बोलणं रंगात आलं होतं. लालासाहेब मध्येच उठून गेला. म्हणाला, मोटार चालू ऱ्हायलीय.


३१ मार्च, बुधवार

पाडवा. गुढी उभारली. कडुनिंबाची पानं आणि गूळ खाल्ला. पुतण्या जिनदत्त आणि त्याची बायको प्रभावती परड्यापलीकडच्या घरात राहतात. सणाला चूल एकच. गुणमालेनं पुरणपोळ्या केल्या. मी तीन खाल्ल्या. तिनं कटाची आमटी वाटीत घेतली आणि वाटी घेऊन परड्यात गेली.

आता भातही सोडलाय. नुसतं पातळ.

हाताच्या पाटल्या तिनं कोपरापर्यंत वर सारल्या आहेत. खाली ठेवल्या तर निसटतात म्हणाली. मी म्हटलं, वय होतंय, माझंही धोतर सैल होतं.

संध्याकाळी नानासो मगदूम आले. ते वाचनालयाचे जसे अध्यक्ष तसे बस्तीचेही पंच. बसले, आत स्वयंपाकघराच्या दिशेनं हात जोडले. म्हणाले, "आण्णा, वैनींनी गावाचं नाव काढलं. अक्षय तृतीयेला समाजाच्या वतीनं सत्कार करायचा ठरलाय. उसाच्या रसानं पारनं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आदिनाथ तीर्थंकरांना दीर्घ उपवासानंतर पहिला आहार मिळाला तो उसाच्या रसाचा आणि तो अक्षय तृतीयेला. म्हणून त्या दिवशी आमच्या भागातल्या बस्तीत रस वाटतात. उसाच्या मुलखात याहून सोयीचं व्रत दुसरं नाही.

मी सत्काराला विरोध करणार होतो. तेवढ्यात नानासो म्हणाले, धार्मिक कार्यक्रम आहे, परवानगी मिळते. तुम्हीही धा मिनटं बोला. तेव्हा विरोध भाषणातच करावा असं मी ठरवलं.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.


७ एप्रिल, बुधवार

कोकीळ पहाटेपासून ओरडतो. लोक म्हणतात कोकिळा गाते. चूक आहे. गातो तो नर, काळाभोर. मादी ठिपक्यांची असते, तिचा आवाज नुसता तुटक, किक् किक्. ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात ठेवते आणि झाडात कुठं असते ते कुणाला दिसतही नाही. हे मी जिनदत्तला सांगितलं. तो म्हणाला, आण्णा, पाण्याची पाळी चुकंल, पाट फुडच्याला जाईल, आणि गेला.

भाषणाची तयारी सुरू आहे. फौजदाराला दाखवायला एक मसुदा आणि मनात दुसरा. इतिहास आठवत होतो. पत्रीसरकारच्या दिवसांत भूमिगत कार्यकर्ते आमच्या उसाच्या फडात लपत. मी त्यांच्यासमोर फडातच भाषणं केली आहेत, हळू आवाजात, तेही मला जमलं होतं. वैरणीच्या भाऱ्यात भाकरी लपवून जायच्या. नेहमी गरम असायच्या. कोण कुठल्या वेळी उठून करत असेल, तेव्हा विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गुणमालेला विचारलं, तुझ्या आठवणीतलं काही सांग, भाषणात घालतो. म्हणाली, "मला काय आठवतंय? पीठ लय लागायचं." मग भिंतीला टेकून बसली. आजकाल बोलताना मध्ये थांबते.


१२ एप्रिल, सोमवार

महावीर जयंती. गावात आर्यिका माताजी, आमच्यातल्या साध्वी, आल्या आहेत. बस्तीत दर्शनाला गेलो. गुणमाला दोन ठिकाणी थांबत चालली. बायका तिच्या पाया पडत होत्या. तिला ते आवडत नसावं, पदर तोंडावर घेऊन उभी होती.

माताजी वयानं लहान, पण डोळे मोठे शांत. त्यांनी गुणमालेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, शरीर बरं आहे ना? आजारपणात नेम घ्यायचा नसतो. आधी औषध."

गुणमालेनं वर पाहिलं. पण मला हाच मुद्दा हवा होता. मी म्हटलं, माताजी, प्रश्न शरीराचा नाही, विवेकाचा आहे. तूप-गूळ ठेवून भाकरी सोडायची, हा कुठला रसत्याग? असे नेम डोळे झाकून घेतले जातात आणि समाज टाळ्या वाजवतो. मी शास्त्रातले आधार दिले. माताजींनी मला अडवलं नाही. अडवण्यासारखं काही नव्हतंच, आधार बिनचूक होते. मी संपवलं तेव्हा मागं दर्शनाची रांग खोळंबली होती आणि नानासो 'चला चला' करत होते.

माताजी गुणमालेला एवढंच म्हणाल्या, "नंतर एकट्या या."

परतताना गुणमाला वाटेत वडाखाली बसली. मी म्हटलं, बघ, त्यांनाही उत्तर देता आलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्याफुडं कुनालाच येत न्हाई."


१४ एप्रिल, बुधवार

माताजी सकाळीच पुढच्या गावाला विहार करून गेल्या. गुणमालेला जायला उशीर झाला. माझ्यासाठी भाकरी करायच्या राहिल्या होत्या.


२४ एप्रिल, शनिवार

दुपारी वळवाचा पाऊस पडून गेला. मोहोर केव्हाच गळाला, आता कैऱ्या गळाल्या. सांगलीच्या आयर्विन पुलावर वाऱ्यानं एक छकडा उलटला म्हणतात. पेपरात आलं नाही, म्हणजे खरं असावं.

फौजदारांनी मसुदा पास केला. त्यात त्यांनी 'बंड' हा शब्द खोडून 'उत्साह' केला आहे.

मी मनातला मसुदा म्हणून पाहत होतो, तेव्हा गुणमाला उंबऱ्यात येऊन बसली.

"आवं, एक सांगायचं हुतं."

"सांग. नाही, थांब, हे एवढं वाक्य बसू दे. नाहीतर निसटेल."

वाक्य बसलं. मान वर केली तर ती तिथंच भिंतीला डोकं टेकून झोपली होती. उठवली नाही. चेहरा उन्हातल्या मातीसारखा दिसत होता. या उन्हाळ्यानं सगळ्यांनाच वाळवलंय. आता आठ दिवसच. पारणं झालं की तिला रोज समोर बसवून भाकरी खायला लावणार आहे, हे मी तिला संध्याकाळी बजावलं.


२ मे, रविवार. अक्षय तृतीया

थोडक्यात लिहितो.

बस्तीसमोर मांडव. लाउडस्पीकर होता. गर्दी चांगली. परवानगी असलेली सभा बऱ्याच दिवसांनी, म्हणून मराठे मंडळीही आली होती. लालासाहेब खांबाला टेकून उभा होता. गुणमालेला हिरवं लुगडं नेसवून पाटावर बसवलं होतं. लुगड्यातच ती हरवली होती.

आधी माझं भाषण, मग पारणं असं ठरलं होतं. मी वेळ ओलांडली. नानासोंनी दोनदा घड्याळ दाखवलं, शेवटी मी बोलत असतानाच त्यांनी रसाचा पेला पुढं करायला लावला. बायकांनी गाणं सुरू केलं. मी आवाज चढवला. विवेकावर आलो होतो. जो देहाला शत्रू मानतो तो, असं ते वाक्य होतं.

गुणमालेनं पेला तोंडाला लावला. गाल फुगले. तिनं माझ्याकडे पाहिलं. तो रस तिनं तोंडातच धरून ठेवला होता, आणि पाहत होती, जशी माणसं गाडी चुकताना पाहतात. मग तिनं गिळलं आणि ते सगळं परत आलं. तोंडातून, नाकातून, लुगड्यावर. ती खोकत पुढं वाकली. माझ्या हातातल्या माइकमधून तो खोकला सगळ्या गावाला ऐकू गेला.

प्रभावती धावली. लालासाहेब बायकांत घुसला. मी आणखी एक वाक्य बोललो. ते बोलल्याचं मला आठवतं, वाक्य आठवत नाही.


३ मे, सोमवार

प्रभावतीनं परड्यात मला गाठलं. ती माझ्यासमोर कधी पदराआडनंसुद्धा बोललेली नाही.

"आण्णा, काकी हितं पेरूखाली येऊन खाल्लेलं वकायच्या. मला शप्पथ घातली हुती. मी तरी किती दिस गप बसू?"

आत गेलो. गुणमाला पडून होती. विचारलं, कधीपासून?

"शिमग्याच्या आदीपास्नं. भाकरीचा घास हितं अडायला लागला." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "म्हनलं, पर्व लागतंय, आठ दिस मऊ खाल्लं की हुईल बरं. मग भात अडायला लागला."

"मग नेम वाढवलास."

"आजारी हाय म्हनलं की बाया येऊन उशाला बसत्यात, हळहळत्यात. नेम हाय म्हनलं की कुनी काय इचारत न्हाई."

"मला सांगायचं."

तिनं पाटल्या कोपराकडं सारल्या. मग म्हणाली, "सांगाय बसले की तुमचं सुरू व्हायचं. आन् एकदा सुरू झालं की मला माझंबी खरं वाटायचं न्हाई. वाटायचं, नेमच आसंल."

मी म्हटलं, हे बघ, या देशात बायका दुखणं लपवतात याचं मूळ...

तिनं डोळे मिटले.


६ मे, गुरुवार. मिरज

जिनदत्तनं जीप मिळवली. मिरजेच्या दवाखान्यात तिला पांढरं घट्ट औषध पाजून फोटो काढले. अर्धं परत आलं, अर्ध्यावर फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून मला दाखवला. अन्ननलिका नदीसारखी खाली येते आणि एका जागी अशी होते, जशी वैशाखात आमची वारणा. खाली बारीक धार.

रोगाचं नाव त्यांनी सांगितलं. मला ते लिहायचं नाही.

मी विचारलं, शिमग्याला आणली असती तर? ते म्हणाले, गुरुजी, आता पुढचं बोलू. पुढचं म्हणजे किरणांचा शेक देऊन बघायचं, आणि तोवर पोटातून नळी घालून अन्न द्यायचं. तोंडानं आता काही नाही.

मी त्यांना विचारलं की सरकार खेड्यातल्या बायकांची तपासणी का करत नाही, शिबिरं का भरत नाहीत. चांगलं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. पुढच्या खाटेवरही कुणाची तरी बायको होती.


७ मे, शुक्रवार

काही लिहिण्यासारखं नाही. नळी घातली.


१९ मे, बुधवार. मिरज

दवाखान्याच्या आवारात गुलमोहर फुलला आहे. त्याचं मूळ ठिकाण मादागास्कर. इथं कुणाला सांगू?

नळीला काचेचं नरसाळं लावतात. त्यात पातळ आंबील, दूध. अंड्याचं त्यांनी विचारलं, पण आमच्यात नाही म्हटलं. ओतणं माझ्याकडे आहे. नर्सबाईंनी शिकवलं: हळू, हवा जाऊ द्यायची नाही, घाई केली की पेशंटला कळ येते. पहिल्या दिवशी माझ्या हातून निम्मं चादरीवर गेलं. आता जमतं. बोलत बोलत ओतता येत नाही, हेही कळलं.

लालासाहेब एसटीनं येतो. त्याच्या घरच्या भाकरी फडक्यात बांधून आणतो, माझ्यासाठी. आज खाटेजवळच्या स्टुलावर बसला.

"वैनी, ह्यो लय गप झालाय. फौजदाराला जमलं न्हाई ते तुमी केलं."

गुणमाला हसली. तिला आता हसल्यावर ठसका लागत नाही, कारण गिळायचं काही नसतं. तिनं खुणेनं त्याला सांगितलं की याला हितं नको, भायेर नेऊन भाकरी खाया घाल. मी म्हटलं, इथंच खातो. तिच्यासमोर भाकरी मोडली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी चावत होतो आणि ती पाहत होती. घास माझ्या घशाखाली गेला तेव्हा तिचा गळा हलला. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत एकमेकांसमोर जेवायला बसल्याचं मला आठवत नाही. आधी मी, मग ती. मी उठून सोप्यात जायचो, पेपर वाचायचो.

डॉक्टर म्हणतात शेक सुरू आहे, बघू. डॉक्टर रोज तेवढंच म्हणतात. मला त्यांच्यावर रागावता येत नाही, खोडून काढता येत नाही. त्यांच्या त्या एका शब्दापुढं माझ्याकडे शास्त्राधार नाही.

दुपारी तिच्या उशाशी बसून एक व्याख्यान मनात जुळवत होतो, आजारपण आणि रूढी असा विषय. ओठ हलत असावेत.

"कुनाला सांगताय?" ती म्हणाली. आवाज आता पाल्यासारखा आहे.

"कुणाला नाही."

"मग हिकडं बगा. नळीत हवा गेलीय."

गेली होती. नरसाळं रिकामं झालं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिनं कळ सोसली होती, चेहऱ्यावर येऊ दिली नव्हती. मी नर्सबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी नीट केलं. मग गुणमालेनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तिचा हात अगदी हलका लागला. या हाताचं वजन आधी किती होतं, मला माहीत नाही.

पेन्शनर बंधूंनो, हे माझं भाषण नाही. मला आता भाषण करता येत नाही आणि तुमच्याकडून टाळ्याही नकोत. एकच काम सांगतो, ते आज करा. सूर्य मावळायच्या आत घरात जा. तिनं तुमचं ताट वाढलं की तिचं ताट स्वतःच्या हातानं तुमच्या ताटासमोर मांडा, भाकरी वाढा, तिला बसवा. ती नाही म्हणेल, नंतर खाते म्हणेल, लाजेल, ऐकू नका. आणि तिचा पहिला घास घशाखाली उतरलेला दिसेपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नका.